गोळ्या मालकाच्या, झडती माझी

पोलिसानं माझी चंची भर रस्त्यात उलटी केली. पान, सुपारी, अडकित्ता पडला. मग गोळ्यांची पाकिटं पडली. बाईपोलीस आली आणि तिनं सगळ्यांसमोर माझा पदर खांद्यावरून ओढला.

"नशेचा धंदा करतं काय वं बुढे?"

आम्ही बाया कापूस वेचून ऑटोतून घरी येत होतो. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मागून शेतमालकाची जीप आली. थांबली. वाटलं, आता हा बोलेल.

कारण गोळ्या त्याच्याच. वेचणीच्या दिवसांत सकाळी वावराच्या धुऱ्यावर चहा व्हायचा. चहासोबत मालक गोळी द्यायचा. "घ्या माय, कंबर धरणार नाही." खरंच धरायची नाही. बोंडाच्या टोकानं बोटं फाटायची, तेही कळायचं नाही. पुढे गोळी नसली की हातपाय थरथरायला लागले, तेव्हा कळलं, ही नशेची गोळी.

टोळीत जी म्हातारी, तिच्याकडे सगळ्यांचा तंबाखू, चुना, औषध राहतं. पोरी घाईत जास्त खातील, घरी लेकरांच्या हाती लागतील, म्हणून पुढे मालक देऊ लागला ती सगळ्यांच्या गोळ्यांची पाकिटंही माझ्याच चंचीत.

मालकानं जीपची काच खाली केली. "साहेब, या बायाइचे धंदे मले काय मालूम?" काच वर केली. गेला.

जेलमध्ये मी उलट्या केल्या. अंग फरशीवर आपटलं. गोळी अंगातून निघत होती. तोंडात त्याचं नाव होतं आणि शिव्या.

जामिनावर सुटून गावात आले, तर शाळेच्या पटांगणात नशाबंदीची सभा. मंचावर तोच.

"एक गोळी सापडली तरी दहा वर्षं आत टाका! कायदा कडक पाहिजे!"

टाळ्या. मी उठले.

"भाऊसाहेब, ज्याच्याजवळ सापडली त्याले दहा वर्षं. अन् ज्यानं चहासंग वाटली, त्याले किती?"

"बसवा बे त्या बुढीले खाली!"

"काऊन बसू? तुमच्याच गोळीनं कंबर पक्की झाली माही."

मागे कोणी तरी हसलं. मालकाचं तोंड काळं पडलं.

वकील म्हणतो, "आजी, रस्त्यात सापडल्या म्हणा. वय पाहून सोडतील." सोबतच्या बाया म्हणतात, "त्याचं नाव नको घेऊ वं मावशी. आपल्याले वावरात कोण येऊ देईन?" त्यांचं खरं आहे. मला तर त्यानं कामावरून काढलंच.

तरी नाव घेणार. कोर्टात, जजसमोर, त्याच्या बापाच्या नावासकट. करा कायदा कडक. मी भोगीन. पण मी एकटी आत गेले, तर उद्या तो दुसऱ्या टोळीला चहा पाजील. मला माझी सुटका नको. त्याची सजा पाहिजे. ती झाल्याशिवाय मी मरणार नाही.

हे ऐकीव नाही. चौथी शिकलेल्या, दुसऱ्याचा कापूस वेचत म्हातारी झालेल्या बाईवर हे झालं. ती बाई मी.