कोजागिरीचा भोंगा

जगातल्या सगळ्या नाटकांना तिसरी घंटा असते. आमच्या नाटकाला भोंगा होता. तोही साधासुधा नव्हे, अंबरनाथच्या एका जुन्या कारखान्याच्या बॉयलरवरचा, वाफेचा, फळीवरच्या कपबशा हलवणारा. आणि तो देणारा माणूस म्हणजे माझा बाप.

कारखान्याच्या भिंतीला लागून आमची कॉलनी. कोजागिरीला कॉलनीचा शरदोत्सव. आधी पोरांचे नाच, मग बायकांची गाणी, मग आमचा फार्स. पहिल्या दोन घंटा आम्ही पितळी थाळीवर वाजवायचो. तिसरीच्या वेळेला नेमका रात्रपाळीचा भोंगा व्हायचा, त्यात थाळी कोण ऐकणार? तेव्हा भोंगा हीच तिसरी घंटा, असं माझ्या जन्माआधीच ठरून गेलं होतं. पडदा ओढणारे काका दोरी धरून, भिंतीकडे कान लावून उभे राहायचे.

मी कॉलेजात असल्यापासून या फार्समधली सासू. पोटाला उशी बांधून इतक्या सुना छळल्या, की पुढे मला बघायला येणारी स्थळं बिचकायची. सगळी कॉलनी हसायची, पण बाबांनी मला स्टेजवर एकदाही बघितलं नव्हतं. आम्ही बौद्ध. विजयादशमीला बाबा सुट्टी घ्यायचे, पांढरा शर्ट घालून आम्हाला विहारात न्यायचे. त्या सुट्टीच्या बदल्यात कोजागिरीची रात्रपाळी त्यांनी करायची, असा बॉयलर हाऊसमधल्या दोघांचा कायमचा करार.

दोन हजार सालानंतर आमच्या पट्ट्यातले कारखाने एकेक करून मिटत गेले. अशाच एका पावसाळ्यात आमच्या गेटलाही कुलूप लागलं. क्वार्टर्स रिकामी करा, असं सांगण्यात आलं. कुणी खरवईला भाड्याची खोली बघत होतं, कुणी थेट गावाकडे. बाबा खाटेवर बसून असायचे. हसणं सोडा, चहात साखर कमी पडली तरी बोलायचे नाहीत.

आईला एकच चांगली गोष्ट सापडली होती. "अहो, यंदा तरी पोरीचं नाटक बघाल. पहिल्यापासून."

बाबांनी मान हलवली. तेवढ्यावर मी तयारीला लागले. मला बाकी काही नको होतं. या माणसाने खुर्चीवर बसावं, मला बघावं आणि एकदा हसावं.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये विग आणायला गेले तर सिंधी दुकानदार म्हणाला, "कंपनी बंद, फिर भी नाटक? दीदी, तुम मराठी लोग घर जलता होगा तो भी पहले मेकअप करोगे."

"शेठ, मेकअप अच्छा हो तो घर जलता हुआ भी अच्छा दिखता है," मी म्हटलं. तो हसला. बरं वाटलं, जीभ अजून चालतेय म्हणायची.

कोजागिरीला मांडव भरला. बाबा पुढच्या रांगेत, विजयादशमीचा पांढरा शर्ट घालून. पहिली घंटा झाली. दुसरी झाली. मी विंगेत उशी घट्ट करून उभी. काका दोरी धरून, कान भिंतीकडे.

आम्ही सगळे वाट बघत राहिलो.

विश्वास बसणार नाही, पण कुणाच्या म्हणजे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तालमी झाल्या, लाइट तपासले, दुधात केशर पडलं. तिसऱ्या घंटेचं काय, हे कुणी विचारलंच नाही. ते काम कधी आमचं नव्हतंच. मांडवात आधी कुजबुज, मग तीही थांबली. एकेक मान वळायला लागली. वळून सगळे बाबांकडे बघत होते.

बाबा उठले. दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि पोटातून आवाज काढला. खाली सुरू होऊन वर चढणारा, लांबच लांब, शेवटी जुनी वाफ फुसफुसत विरायची तशी खोकल्यासारखी फुसफुस. हुबेहूब! पोरं खिदळली. एक आवाज आला, "वन्स मोअर!" पण मागच्या रांगेतले दोघं-तिघं सवयीने खुर्चीतून उठले होते, आणि उठल्यावर कुठे जायचं हे न कळून तसेच उभे होते. त्यांना बघून पोरंसुद्धा गप्प झाली.

काकांनी पडदा ओढला. मी कंबरेवर हात ठेवून ठसक्यात आत शिरले, सुनेला पहिली शिवी हासडली आणि पुढच्या रांगेकडे बघितलं. आईच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

तो सगळा फार्स मी रिकाम्या खुर्चीला करून दाखवला. चांगला केला, खोटं कशाला बोलू?

तोंडाला रंग तसाच ठेवून शोधायला गेले, तर बाबा मांडवामागे भिंतीपाशी उभे. स्टेजकडे पाठ, तोंड धुराड्याकडे.

"बाबा, नाटक?"

"ऐकलं की. दरवर्षी पलीकडून ऐकायचो, यंदा अलीकडून." मग म्हणाले, "तू सुनेचं ताट पळवतेस तिथे हशा कमी आला. दरवर्षी भिंत हलायची."

"बसून बघायला काय झालं होतं? खुर्ची धरून ठेवली होती आईने."

"भोंगा दिल्यावर बसता येत नाही गं," ते म्हणाले. "लगेच प्रेशर बघावं लागतं."

दिवाळीपर्यंत अर्धी कॉलनी रिकामी झाली. आम्ही बदलापूरला गेलो. तिथेही शरदोत्सव असतो, तिसऱ्या घंटेला खरी घंटा असते. सासू अजून मीच करते. बाबांना पहिल्याच वर्षी नेलं होतं. तिसरी घंटा झाली आणि ते उठून बाहेर गेले.