मास्तरांचा पांढरा

आपल्या स्वयंपाकघरातलं कपाट निळं आहे, हे मास्तरांना वयाच्या बासष्टाव्या वर्षी, सकाळी सव्वानऊच्या सुमाराला कळलं.

आदल्या दिवशी, मुलीने हट्टच धरला म्हणून, त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. सकाळी दवाखान्यात पट्टी काढली, काळा चष्मा दिला आणि बायकोबरोबर घरी पाठवलं. ती पाणी आणायला आत गेली. मागोमाग मास्तर गेले, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि दारातच थांबले.

"हे कपाट निळं कुणी केलं?"

"बसा आधी. वाकू नका, धक्का लागू देऊ नका, असं सांगितलंय त्यांनी."

मास्तर बसले नाहीत. त्यांनी डावा डोळा हाताने झाकला. कपाट निळं. कपड्यांना नीळ जास्त झाली की येतो, तसा फिकट निळा. मग उजवा झाकला. कपाट पांढरं, थोडं जुन्या कागदासारखं, पण पांढरं. असं त्यांनी पाच-सहा वेळा केलं. मग स्टूल पाहिलं. ते निळं. मसाल्याची फळी, दोन खुर्च्या, बाहेरच्या खोलीतली आरशाची चौकट, चपलांचा रॅक, सगळं तसंच. ज्या घरात ते तीन वर्षं पांढऱ्या सामानात वावरत होते, ते घर आतून-बाहेरून निळं होतं.

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नाही. जुन्या लाकडी सामानाला रंग देऊन नवं करणं हा त्यांचा धंदा, आणि त्यात त्यांचा शब्द शेवटचा म्हणून ते मास्तर. पोपडे धरलेलं कपाट, डुगडुगती खुर्ची, पाणी पिऊन फुगलेलं टेबल त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये यायचं. खरवडायचं, पॉलिश पेपरने घासायचं, भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ही कामं बायकोची. रंग मिसळायचा आणि लावायचा मास्तरांनी. नाव होतं ते त्यांच्या पांढऱ्याचं. डब्यातला पांढरा वर्षभरात पिवळा पडतो, म्हणून त्यात निळ्या दाट रंगाचे एक-दोन थेंब घालतात. किती घालायचे ते डब्यावर लिहिलेलं नसतं. ते डोळ्याने ठरतं, आणि तो डोळा गावात फक्त आपल्याला आहे, असं मास्तरांचं मत होतं. इतर रंगाऱ्यांचंही स्वतःबद्दल तेच मत होतं, त्यामुळे ते मास्तरांशी फारसं बोलत नसत.

आता ते खुर्चीवर बसून हिशेब लावत होते. मोतीबिंदूने डोळ्यावर पिवळा पडदा धरला होता. पांढरा पिवळट दिसायचा, म्हणून ते निळा वाढवत गेले. दोनाचे चार, चाराचे दहा. घरातलं सामान बायकोने त्यांच्याच उरलेल्या रंगाने रंगवलं होतं. म्हणजे तीन वर्षांत ज्या सोळा-सतरा घरांत त्यांनी पांढरं सामान पोचवलं, त्या सगळ्यांकडे ही नीळ उभी होती. आणि त्यांच्यापैकी एकानेही तोंडावर काही म्हटलं नव्हतं.

"लोक मागून हसत असतील," ते म्हणाले.

"कुणी हसत नाही. पाणी घ्या."

दुपारी बायकोचा डोळा लागलेला बघून ते काळा चष्मा लावून निघाले. आधी सांगायचं, मग सगळं खरवडून पुन्हा करून द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पहिली पायरी दातांच्या डॉक्टरीणबाईंची, कारण त्यांच्याकडे तब्बल तीन कपाटं होती.

बाईंनी त्यांना आत घेतलं. मास्तरांनी वाटेत घोकलेलं बोलून टाकलं. नजर गेली होती, कळलं नाही, चूक माझी, कपाटं घेऊन जातो.

"कशाबद्दल बोलताय?" बाई म्हणाल्या.

मास्तरांनी चष्मा काढला. समोर तीन कपाटं होती. पांढरी. त्यांनी डावा डोळा झाकला. तरी पांढरीच.

"तुम्ही पुन्हा रंगवून घेतलीत?"

"कशाला घेईन?" बाईंनी खणातून एक पट्टी काढली. रुग्णाच्या दाताचा रंग जुळवायला वापरतात ती, खोटे दात ओळीने लावलेली. त्यातला सगळ्यात उजळ दात त्यांनी कपाटाच्या दाराला टेकवला. "दात कुठे संपतो आणि दार कुठे सुरू होतं, दाखवा बरं. तुम्ही कपाटं आणलीत त्या दिवशीच मी हे करून बघितलं होतं. मास्तर, ऑपरेशन कालच झालंय ना? घरी जा. झोपा."

मास्तर पायऱ्या उतरले ते कठड्याला धरून. येताना पायाखालची जमीन सरकली होती, पण निदान कारण माहीत होतं. आता तेही हातातून गेलं. कपाटांना ब्रश त्यांनीच मारला होता. डब्यात निळा त्यांनीच ओतला होता. मग हा पांढरा आला कुठून? मिसळलेला रंग पाव तास झाकून मुरू द्यायचा आणि तेवढ्यात चहा घेऊन यायचं, ही त्यांची पद्धत. त्या पाव तासात डब्यापाशी दुसरं कोण असायचं, हे आठवायला त्यांना घर गाठेपर्यंत वेळ लागला नाही.

बायको दारातच उभी होती.

"डॉक्टरीणबाईंची कपाटं पांढरी आहेत. किती दिवस चाललंय हे?" त्यांनी विचारलं.

"सव्वातीन वर्षं."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. त्या दातवाल्या बाईंच्याच कपाटांच्या वेळी. निळसर दिसतंय म्हटलं, तर म्हणालात, तू घासकाम बघ, डोळा माझा."

मास्तरांना हे आठवत नव्हतं. हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणाले होते की आठवण्याचं कारणही नव्हतं.

"मग तू डबा बदलायचीस?"

"तुमचा बाजूला ठेवायचा, नवा उघडायचा, त्यात निळा मी घालायची. तुम्हाला तो पिवळट वाटायचा, तर रंग मुरला की असा होतो, असं तुम्हीच म्हणायचात. हात तुमचा चांगलाच आहे, हात कुठे बिघडला होता?"

"आणि माझ्या डब्याचं काय करायचीस?"

तिने मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. "चांगला रंग फेकणार कसा? पण घरातलं लाकूड संपत आलं होतं. म्हणून तर मुलीला तुमच्या मागे लावलं, बापाचा डोळा करून घे म्हणून. नाहीतर यंदा खिडक्यांची पाळी होती."

"सव्वातीन वर्षं मला वेड्यात काढलंस."

"वेड्यात काढायचं असतं तर गावाला सांगितलं असतं."

मास्तर रात्री जेवले नाहीत. सकाळी उठून शेडमध्ये गेले आणि दोन कोऱ्या फळ्या मांडल्या. एकीसाठी रंग मी मिसळणार, दुसरीसाठी तू, म्हणाले. आता डोळा नवा आहे, बघू कुणाचा पांढरा खरा. बायको म्हणाली, मला भांडी आहेत. तरी आली. त्यांच्या बाटलीतून एक थेंब पडला, तिच्या बाटलीतून दोन आणि वर अर्धा.

फळ्या वाळायला दुसरा दिवस उजाडला. मास्तरांनी त्या उन्हात उभ्या केल्या आणि डावा डोळा झाकून पाहिल्या. तिची फळी पांढरी होती. त्यांची पिवळी होती, लोण्यासारखी. डब्यातल्या ओल्या रंगात नव्या डोळ्याला निळा जास्तच भासला होता, म्हणून हात आखडला गेला होता. आधी चुकले ते एका बाजूला, आता दुसऱ्या.

"बसेल हळूहळू डोळा," बायको म्हणाली.

"पहिल्या दिवसापासून तुझा असाच येत होता?"

"पहिले दोन-तीन डबे वाया गेले. चपलांचा रॅक आहे ना, तो माझा."

तेवढ्यात गल्लीतल्या शिंपीणबाई दोन खुर्च्या घेऊन आल्या. मास्तरांच्या चष्म्याची चौकशी झाली. मग म्हणाल्या, "पांढराच द्या हं मास्तर, तुमचा तो. कधी मिळतील?"

मास्तरांनी बायकोच्या फळीकडे पाहिलं, मग आपल्या. "रंग ही मिसळते," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली. तिलाच विचारा."

शिंपीणबाई थट्टा समजून हसल्या आणि मास्तर हसत नाहीत हे बघून थांबल्या. बायकोने आधी नवऱ्याकडे पाहिलं. तो बोलून बसला होता आणि आता त्याला ते परत घेता येणार नव्हतं. तिने खुर्ची उलटी केली, पायाच्या सांध्यात नख घालून पाहिलं.

"तीन दिवस लागतील," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात आणल्या असत्यात तर चार सांगितले असते. तेव्हा घासायला हे असतील."