तिसगावला नेलेला आवाज

दिवाळीत दुसऱ्यांच्या मुलांना आनंद द्यायला निघालेल्यांनी हे वाचावं. मीही तशीच निघाले होते.

मी कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रस तपासते. दसरा झाला की पाथर्डीकडची ऊसतोड मंडळी इथे येऊन उसाच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, घालून राहतात. तान्ही पोरं सोबत आणतात, शाळेतली गावी म्हाताऱ्यांपाशी ठेवतात. त्यांतल्या चंद्रभागाबाई मला म्हणाल्या, "बाई, तुमी सुट्टीत नगरला घरी जाता. तसंच पुढं तिसगावला जाऊन आमच्या मंदीला बघून याल का?" मंदा नऊ वर्षांची, आजोबांजवळ राहिलेली.

नुसतं बघून काय येणार, असं मला वाटलं. म्हणून भावाचा टेपरेकॉर्डर घेऊन मी कोपीसमोर बसले आणि चंद्रभागाबाईंचा आवाज अकरा मिनिटं भरून घेतला. त्यांचा वर्षाचा बाळू सारखा माइक ओढायचा, किंचाळायचा. मागे बैलांच्या घंटा. "बोल की रं ताईसंगं," म्हणत त्या त्यालाच माइकपुढे धरायच्या. "त्याला जरा बाजूला घ्या," मी दोनदा सांगितलं.

रस गाळल्याशिवाय मोजायचा नाही, ही कामाची सवय. खोलीवर येऊन टेप ब्लेडने कापली, चिकटवली. उरला तो स्वच्छ निरोप, एक मिनिट पन्नास सेकंदांचा. मला अभिमान वाटला होता, तेही लिहून ठेवते.

कोपरगाव ते नगर एसटीने साडेतीन तास, भाडं पाच रुपयांच्या आत. राहुरीपर्यंत दोन्ही हातांना ऊस, म्हणून सावलीच्या बाजूला बसा. मांडीवरची टेपरेकॉर्डरची पेटी पाहून कंडक्टर म्हणाला, "हिचं अर्धं तिकीट पडंल."

"मांडीवर आहे की."

"मांडीवरचं लेकरू तीन वर्सापातुर फुकट. ही किती वर्सांची?"

गाडीभर हशा पिकला. तिकीट त्याने फाडलं नाही.

टेपरेकॉर्डरचे सेल नगरलाच घ्या, पुढे भरवसा नाही. स्टँडवर भजी गरम मिळाली. नगर सुटलं की ऊस संपतो. करंजीचा घाट ओलांडल्यावर उघडं रान, बाजरीची काढलेली शेतं, मधूनच तूर. तिसगावहून वस्ती पाऊण तास पायी. चपला जाड तळाच्या हव्यात.

धनत्रयोदशीची दुपार होती. मंदा अंगणात शेणाच्या गवळणी करत होती. एकीच्या कडेवर शेणाचंच लेकरू होतं. आजोबांनी घोंगडी टाकली. मी टेप लावली.

"मंदे, आज्याला तरास देऊ नगंस. रोज साळंला जा. तेल लावून अंघोळ कर..."

मंदा पेटीला कान लावून हसली. मग आवाज थांबला.

"अजून हाय ना?"

"नाही. संपलं."

"आन् बाळू?"

"तो झोपला होता," मी म्हणाले.

"दिवसा? त्यो दिवसा झोपतच न्हाई." तिने आजोबांकडे पाहिलं. त्यांनी तिला पाणी आणायला आत पाठवलं आणि हळूच विचारलं, "बाई, खरं सांगा. पोर हाय ना?"

गेल्या साली याच वस्तीवरचं एक लेकरू थंडीने तिकडेच गेलं होतं. घरच्यांना ते उन्हाळ्यात, माणसं परतल्यावर कळलं.

"आहे हो. चांगला आहे. त्याचा आवाज मीच कापून टाकला."

"कापला? कशापायी?"

"मधे मधे येत होता."

म्हातारा म्हणाला, "दसऱ्यापातुर ह्या पोरीनं त्याला कडंवरनं खाली ठिवला न्हाई, बाई. आन् तुमाला त्यो मधी येत हुता?"

मंदा तांब्या घेऊन दारात उभी होती. "मग सांगा, दात किती आल्यात त्याला? आई गेली तवा सात हुतं."

मी रसातली साखर दोन दशांशांपर्यंत सांगू शकते. त्या मुलाच्या तोंडात मी पाहिलंच नव्हतं. मंदाने तांब्या खाली ठेवला आणि ती अंगणात गेली. मी नेलेल्या फुलबाज्या फळीवरच राहिल्या. संध्याकाळी ती जेवली नाही.

सकाळी आजोबा मला गाडीपर्यंत पोचवायला आले. "पोरीचं मनावर घेऊ नका," म्हणाले. "पर तिला आता पटायचं न्हाई. मलाबी लेकरू डोळ्यानं बघितल्याबिगर कुठं पटतंय?"

नगरला घरी उतरलेच नाही. सरळ कोपरगाव, तिथून कोप्यांवर.

"मंदीनं आवाज वळखला का?" चंद्रभागाबाईंनी लांबूनच विचारलं.

"ओळखला."

"आन् ह्याचा?"

पुन्हा खोटं बोलणं सोपं होतं. या वेळी मी सगळं सांगितलं. त्यांनी बाळूला मांडीवर आडवा घेतला, त्याचा जबडा दोन बोटांनी उघडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मोजा."

मंदाला त्याच संध्याकाळी कार्ड टाकलं: दात नऊ. नववा खाली डावीकडे, अर्धाच वर आलाय. बोट घातलं तर चावतो.

कोपरगावहून त्या वस्तीवर कार्ड जायला चार दिवस लागतात. आज भाऊबीज. कार्ड उद्या पोचेल.