सोपटाने बांधलेली जोडी

अक्कांकडे टेनिस शिकायला कोणी एकटं गेलं, तर त्या गेटवरूनच परत पाठवायच्या. "जोडीदार घेऊन ये." मुलगा कितीही चपळ असो, बाप कितीही मोठ्या हुद्द्यावर असो, उत्तर तेच. एकेरी खेळणाऱ्यांशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. "त्यांना शिकवणारे पुष्कळ आहेत. मी दोघांचं शिकवते," एवढंच म्हणायच्या. धुळ्यात शाळेत असताना मलाही असंच परतावं लागलं होतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मैत्रिणीला हाताला धरून ओढत नेलं, तेव्हा आत घेतलं.

त्या मूळच्या शिंदखेड्याच्या. धुळ्याच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका. लग्नानंतर मी जळगावात आले आणि काही वर्षांनी निवृत्त होऊन त्याही इथेच, मेहरूण भागात, राहायला आल्या. सामान लावायला मी गेले तर भांडी अजून पोत्यात होती, आणि अक्का मात्र जवळपास टेनिसचं कोर्ट कुठे आहे ते बघून आल्या होत्या.

त्यांच्या शिकवण्यातली मुख्य वस्तू म्हणजे सोपट. केळीच्या खोडाची वाळलेली साल. चोपड्याहून त्यांचा भाऊ त्याचा गठ्ठा पाठवायचा. दोन खेळाडूंच्या कमरेला अक्का एकच लांब सोपट बांधायच्या आणि खेळायला लावायच्या. एक डावीकडे धावला आणि दुसरा जागेवरच राहिला, की सोपट तुटलंच. कोणामुळे तुटलं हे बोलायची मुभा नव्हती. दोघांनी मिळून नवीन बांधायचं आणि पुढे खेळायचं. एकदा एका मुलाचे वडील कौतुकाने नायलॉनची दोरी घेऊन आले. "अक्का, ही तुटणार नाही." अक्कांनी ती परत त्यांच्या हातात दिली. "न तुटणाऱ्या दोरीने म्हशी बांधतात, भाऊ."

दुसरा त्यांचा नियम निर्णायक गुणाचा. व्यावसायिक दुहेरीत चाळीस-चाळीस झाले, की पुढच्या एका गुणावर गेम ठरतो. आणि तो गुण खेळताना सर्व्हिस कोणी परतवायची, हे समोरची जोडी आपसात ठरवते. कोणीही शहाणा माणूस दोघांतल्या भरवशाच्या खेळाडूला पुढे करील. अक्कांचं उलट होतं. आधीच्या गुणाला ज्याच्या हातून चूक झाली, त्यानेच घ्यायची. एरवी त्या शाळेतल्यासारखं मराठी बोलत, पण हा नियम अहिराणीतच सांगत. "जो चुकना, तोच लेई." का, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "त्याला आज लपवला, तर उद्या तो स्वतःच लपायला लागेल. मग माझी जोडी कुठे राहिली?"

त्यांची शेवटची जोडी प्रवीण आणि सिद्धार्थ. प्रवीण शिंदखेड्याच्या शेतकऱ्याचा, सिद्धार्थ मेहरूणचाच. सिद्धार्थचे वडील आमच्या विहाराचं काम पाहायचे, म्हणून मी त्याला लहानपणापासून ओळखत होते. प्रवीण बिनधास्त. सिद्धार्थचा हात त्याच्यापेक्षा सुरेख, पण अटीतटीच्या वेळी तो हात आखडायचा. हे आमच्या सगळ्या टेनिस क्लबला ठाऊक होतं.

जळगावात पुरुषांची व्यावसायिक स्पर्धा आली तेव्हा गाड्यांची आणि जेवणाची व्यवस्था माझ्याकडे होती. दुहेरीत एक थेट प्रवेश स्थानिकांना मिळणार होता. पहिली फेरी जिंकली तर जागतिक क्रमवारीत नाव लागणार. खानदेशातल्या एका जोडीचं नाव तिथे लागावं, हा अक्कांचा जुना ध्यास. बैठकीत क्लबचे चिटणीस म्हणाले, "प्रवीणला घेऊ. पण त्याच्याबरोबर पुण्याचा एखादा तयार खेळाडू देऊ. सिद्धार्थ ऐन वेळी ढेपाळतो, अक्का. तुम्हालाही माहीत आहे."

"माहीत आहे," अक्का म्हणाल्या. "जोडी घेणार असाल तर घ्या. अर्धी मिळणार नाही. ते हरले तर पुन्हा तुमच्याकडे कोणासाठी शब्द टाकणार नाही."

चिटणीसांनी प्रवीणकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी काय सांगू? मी तर बांधलेलाच आहे." सगळे हसले आणि प्रवेश दोघांना मिळाला.

सामन्याच्या दिवशी अक्कांना डॉक्टरांनी उन्हात बसायची मनाई केली होती. हृदयाचं दुखणं त्या वर्षी वाढलं होतं. नाही म्हणून ऐकणार नाहीत हे मला ठाऊक होतं, म्हणून मी खुर्ची, छत्री, ओला टॉवेल, गोळ्या, पाणी अशी सगळी तयारी ठेवली. त्यांनी येताना फक्त एक सोपट आणलं आणि ते बोटांना गुंडाळत बसल्या.

पहिला सेट आमच्या पोरांनी घेतला. दुसऱ्यात पाच-चार अशी आघाडी, सर्व्हिस समोरच्यांची, आणि आणखी एक गुण मिळाला की सामना आमचा. नेटजवळ सिद्धार्थला सोपा उंच चेंडू मिळाला. त्याने तो बाहेर मारला. चाळीस-चाळीस.

"प्रवीण, तू घे!" प्रेक्षकांतून चिटणीस ओरडले. प्रवीणने तिकडे पाहिलंही नाही. त्याने सिद्धार्थला रॅकेटने जागा दाखवली. सिद्धार्थने परतवलेला चेंडू नेटमध्ये गेला. पाच-पाच.

"अक्का, आता तरी सांगा त्यांना," चिटणीस खुर्चीजवळ येऊन म्हणाले.

"सांगून झालंय. कधीचंच."

पोरांनी आपली सर्व्हिस राखली. सहा-पाच. पुढच्या गेममध्ये पुन्हा चाळीस-चाळीस, आणि पुन्हा आधीची चूक सिद्धार्थचीच. त्याने अक्कांकडे पाहिलं. तोंड उतरलेलं होतं. अक्कांनी मान खाली घातली आणि बोटांवरचं सोपट उलगडत बसल्या. त्यांच्याकडून काही मिळणार नाही, हे त्याला कळलं. तो प्रवीणला म्हणाला, "मीच घेतो."

"मग काय मी घेऊ? चुकला तू," प्रवीण म्हणाला. एवढ्या ताणात दोघे हसले.

सर्व्हिस जोरात आली. सिद्धार्थने ती खाली, समोरच्याच्या पायांशी परतवली. तिकडून कसाबसा उचललेला चेंडू प्रवीणने नेटवरच संपवला.

दोघे धावत अक्कांच्या पाया पडायला आले. "हे नंतर. आधी अंग पुसा, गार व्हाल," त्या म्हणाल्या. "उद्या दुसरी फेरी शे." डोळे मात्र टॉवेलने स्वतःचेच पुसत होत्या.

दुसऱ्या फेरीत पोरं सरळ दोन सेटमध्ये हरली. पण क्रमवारीत नावं लागली होती, एकाखाली एक. चिटणीस ती दाखवायला अक्कांच्या घरी स्वतः गेले. पुढचा उन्हाळा अक्कांनी पाहिला नाही. त्यांना नेताना पुढचे दोन खांदे प्रवीण आणि सिद्धार्थचे होते. वाट खडबडीत होती, पण दोघांची पावलं बरोबर पडत होती.

आता स्पर्धांसाठी दोघांच्या प्रवासाचं मी पाहते. परवा बाहेरगावच्या स्पर्धेवरून प्रवीणचा फोन आला.

"ताई, हरलो. निर्णायक गुणावर गेली मॅच."

"कोणी घेतला?"

"मीच. आधीचा मीच घालवला होता ना."

"सिद्धार्थ काय म्हणाला?"

"म्हणाला, घे तू, मी नेटवर आहे."

मी म्हटलं, बरं. पुढची स्पर्धा कुठे आहे ते विचारलं आणि लगेच दोन तिकिटं काढली. शेजारशेजारची.