भावोजींचा माइक

जगात जे काही घडतं ते कुणीतरी मोठ्यानं सांगितल्याशिवाय पुरतं घडतच नाही, अशी आमच्या भावोजींची ठाम समजूत होती. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. राहायला मुलुंडला, नोकरीला भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात, स्टोअर्समध्ये. आणि संध्याकाळी आमच्या भागातले एकमेव बास्केटबॉल निवेदक. 'एकमेव' हे मी कौतुकानं म्हणतोय असं समजू नका. क्रिकेटची कॉमेंट्री करायला गल्लीत दहा जण मिळायचे, कबड्डीला पाच. बास्केटबॉलला हा एकच माणूस, कारण बाकी कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सुरुवातीला भावोजींनाही कळत नव्हतं. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. इमारतीमागच्या सिमेंटच्या कोर्टावर मंडळाच्या स्पर्धा चालल्या होत्या, ताईचं डोकं दुखत होतं, म्हणून 'जरा भोंग्याचा आवाज कमी करा' असं सांगायला भावोजी खाली उतरले. नेमका निवेदकाचा घसा बसलेला. "दोन मिनिटं धरता का?" म्हणत त्यानं माइक यांच्या हातात दिला आणि तो चहाला गेला. तो माइक त्या बापड्याला पुन्हा कधी मिळाला नाही. आपली डोकेदुखी तेव्हापासून कायमची झाली, असं ताई सांगते.

घरात भावोजी चोख मालवणी बोलायचे. पण माइक हातात आला, की मराठीच्या मास्तरांनीही उठून उभं राहावं अशी भाषा सुरू. बास्केटला ते 'टोपली' म्हणायचे, चेंडू 'थोपटत नेला' जायचा आणि फाउल म्हणजे 'आगळीक'. "निळ्या संघाच्या उंच खेळाडूनं आगळीक केलेली आहे!" असं भोंग्यातून आलं, की गॅलरीतल्या बायका माना लांब करून बघायच्या, मेल्यानं काय दिवे लावले म्हणून. बरं, हे कोर्टावरच थांबलं असतं तरी चाललं असतं. ताई चपात्या करायला लागली की हे स्वयंपाकघराच्या दारात उभे: "चपाती तव्यावर पडलेली आहे... उलटली... फुगणार का? फुगली!" एकदा मासळी बाजारात ताईची कोळणीशी घासाघीस चालली होती. मागून भावोजींनी निवेदन सुरू केलं, "गृहिणी वरवर अडून बसलेल्या आहेत, पण पापलेट त्यांना मनापासून आवडलेलं आहे. आणखी थोडं ताणलं तर त्या घेणार!" कोळणीनं ताणलं आणि ताईनं घेतलं. जाताना कोळीणमावशी हसून म्हणाली, "बाय, यांना रोज घेऊन ये गं." ताईनं पिशवी भावोजींच्या हातात कोंबली आणि ती तरातरा पुढे निघाली.

कोर्टावर नेमका हाच घोळ व्हायचा. रेडिओवरची कॉमेंट्री खेळणाऱ्यांच्या कानावर पडत नाही. भावोजींची कॉमेंट्री अर्ध्या मुलुंडला ऐकू जायची, तशी खेळाडूंनाही जायची. "सात नंबर डावीकडे एकटाच उभा आहे, त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नाही!" असं यांनी म्हणायचा अवकाश, तिघं त्याच्या अंगावर धावायचे. सात नंबरची वाट लागली! "काका, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं?" पोरं चिडून विचारायची. "मी कुणाच्याच बाजूनं नाही रे. दिसतं ते सांगतो." आणि खरोखरच दिसेल ते, दोन्ही संघांना सारखं. मंडळाच्या अध्यक्षांचा मुलगा खेळत होता तेव्हा त्यालाही सोडलं नाही. तरी त्यांना कुणी काढलं नाही, कारण माणसं मॅच बघायला कमी आणि यांना ऐकायला जास्त यायची. कारखान्यात दिवसभर रंगाचे डबे इकडून तिकडे लावणाऱ्या या माणसाला तिथे कोण विचारत होतं? पण कोर्टाच्या रस्त्याला लागले, की पानवाल्यापासून सगळे "काय निवेदक, आज कोण जिंकणार?" म्हणून हाका मारायचे. त्या हाकेसरशी भावोजी जरा ताठ चालायचे. मला ते फार आवडायचं.

अशा माणसाच्या पोटी शुभा जन्मली आणि बघता बघता बापाच्या वर वीतभर गेली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला ती आमच्या संघातली सगळ्यात झकास खेळाडू होती. त्या साली मुलींच्या फायनलला एका बँकेचे लोक येणार होते. त्यांना नोकरी देऊन खेळाडू घ्यायच्या होत्या. भावोजींच्या कारखान्यात तेव्हा टाळेबंदीची कुजबुज चालू होती. शुभाची नोकरी झाली तर घर तरणार, हे बोलून दाखवायची कुणाला गरज नव्हती. आदल्या दिवशी मी तिकडे जेवायला होतो. शुभा ताटाकडे बघत म्हणाली, "बाबा, उद्या तुम्ही माइक घेऊ नका ना."

"का गो?"

"मी मोकळी झाले की तुम्ही सांगणार, आणि दोघी येऊन मला धरणार. बँकेचे लोक काय बघणार मग? माझं नुसतं हात वर करून उभं राहणं?"

"मी कमी बोलान."

"तुम्ही? कमी?" ताई आतून म्हणाली.

भावोजींनी हातातला घास ताटात ठेवला आणि "बरं" म्हणाले. इतकी वर्षं मी त्यांच्या बोलण्यानं वैतागलो होतो, पण त्या दिवशी त्यांनी पुढे काहीतरी बोलावं असं मला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याशेजारी पायरीवर बसले, दोन्ही हात काखेत घालून. भोंगेवाला फक्त गुण सांगत होता. भावोजींचे ओठ मात्र सारखे हलत होते. अंधेरीच्या कॉलेजच्या मुली सुसाट खेळत होत्या आणि आमची शुभा? सोपे चेंडू तिच्या हातून निसटत होते, मध्येच थबकून ती माइकच्या टेबलाकडे बघत होती. मध्यंतराला ती घामाघूम होऊन पायरीशी आली.

"बाबा, बोला."

"अगो, पण तू मोकळी झालंस की त्यो तुका..."

"येऊ देत अंगावर. लहानपणापासून तुमच्या आवाजात खेळलेय मी. हे असं मुकं कोर्ट मला परकं वाटतंय."

भावोजी उठले. माइक रुमालानं पुसला, घसा खाकरला आणि सुरू झाले. पोटच्या पोरीलाही त्यांनी सवलत दिली नाही हो! "निळ्या संघाची नऊ नंबर मोकळी आहे!" दोघी तिच्यावर तुटून पडायच्या, आणि शुभा त्या दोघींमधून वाट काढून चेंडू टोपलीत टाकायची. पुन्हा तेच, पुन्हा तेच. बघता बघता आम्ही एकाच गुणानं मागे उरलो. शेवटचे काही क्षण उरले, चेंडू शुभाच्या हातात, पाठ टोपलीकडे, भोवती तिघींचं कडं. आणि भोंग्यातून आवाज आला, "गो बाय, डाव्या बाजूक कोणच नाय! फिर आणि मार!"

माइकवर मालवणी! अंधेरीच्या मुली गोंधळून बघत राहिल्या, लोक खो खो हसले, आणि शुभा गर्रकन फिरली. चेंडू कडीवर बसला, कडीवरून फिरला आणि बाहेर पडला. शिटी झाली. आम्ही हरलो.

ओरडा थांबला तेव्हा भोंगा पुन्हा बोलला, पूर्वीच्याच शुद्ध भाषेत, फक्त सावकाश. "आत्ताचं शेवटचं वाक्य निवेदकाचं नव्हतं. ते मुलीच्या बापाचं होतं. निवेदकानं माइक खाली ठेवलेला आहे." आणि खरंच ठेवला.

सगळ्यांनी समजावलं. अंधेरीच्या कोचबाई स्वतः आल्या. "अहो, चेंडू बास्केटमध्ये पडला कुठे? आम्हीच जिंकलो की!" भावोजी म्हणाले, "नाही पडला तो. पण मी बाजू घेतली, ती घेतलीच." बँकेनं शुभाला घेतलं, दोघी अंगावर असताना गुण करणारी मुलगी त्यांनी नीट बघितली होती. भावोजींनी पेढे वाटले, पण माइकला पुन्हा हात लावला नाही. पुढच्या वर्षी भोंगेवाल्याचा भाचा 'बास्केट! बास्केट!' म्हणून ओरडायचा, तेवढंच.

शुभाची बदली नागपूरला झाली. बँकेच्या संघाबरोबर ती गावोगाव खेळायची आणि त्यातली एकही मॅच भावोजींना बघायला मिळायची नाही. रविवारी दुपारी खालच्या केमिस्टकडे तिचा फोन यायचा. एकदा मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. पलीकडून शुभाचा आवाज मला दोन हातांवर ऐकू येत होता. कुणी चेंडू दिला, कोण आडवी आली, कुणी आगळीक केली, सगळं ती रंगवून सांगत होती. दुसऱ्याचं वाक्य कधी पुरं होऊ न देणारा हा माणूस रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरून, डोळे मिटून उभा होता. केमिस्ट गिऱ्हाईक आल्याच्या खुणा करत होता. मी त्याला हातानंच थांबवलं. ती श्वास घ्यायला थांबली, की भावोजी हळूच विचारायचे, "मग?"