चूक कागदाची आहे

शुभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी यांना खिमट भरवत होते. मुलुंडच्या आमच्या घरातली सकाळ अशीच असते... उशी उंच करायची, गळ्याखाली नॅपकिन लावायचा आणि एकेक चमचा देत राहायचं. फोनवर ताईंची मुलगी अश्विनी होती. "मामी, आई गेली गं. चहा ठेवला होता तिने, गाळलासुद्धा नाही..." शुभाताई म्हणजे माझी नणंद, यांची थोरली बहीण. मी चमचा वाटीत ठेवला. घाटकोपरला लगेच निघायला हवं होतं, आणि मनात पहिला विचार आला तो हा, की यांच्यापाशी बसायला ताईंना बोलवायला हवं. मग लक्षात आलं. इतकी वर्षं घराबाहेर पडायचं तर मी तो एकच फोन करत आले होते. शेवटी समोरच्या नाईकवहिनी येऊन बसल्या आणि मी अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. यांना काही सांगितलं नाही. सांगायची ताकदच नव्हती.

यांना अर्धांगाचा झटका आला त्याला बरीच वर्षं झाली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळतं मात्र सगळं. सुरुवातीला नातेवाईक यायचे, मग नुसते फोन आले, मग सणावाराचे मेसेज. ताई तेवढ्या दर गुरुवारी येत राहिल्या. कांजूरमार्गच्या एका शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. दारातूनच विचारायच्या, "काय रे झिला, जेवलंस?" आणि मग भावाशी मालवणीत एकट्याच बोलत बसायच्या, जसं काही तो उत्तरं देतोय. मला म्हणायच्या, "तू नीघ आता. संध्याकाळपर्यंत तोंड दाखवू नकोस." मी खाली उतरायचे, पण जायचं कुठे तेच सुचायचं नाही. सोसायटीच्या बाकावर डोळे मिटून बसायचे. एकदा त्यांनी ते गॅलरीतून पाहिलं. मी वर आल्यावर म्हणाल्या, "बाकावर डुलक्या काढायला सुट्टी देते काय मी तुला? काहीतरी कर. चित्र काढ."

"मला नाही येत, ताई."

"मग येईपर्यंत काढ."

त्या आठवड्यात मी नाक्यावरच्या दुकानातून चोवीस रंगांचा डबा, ब्रशांचा एक संच आणि शाळेतली मुलं घेतात तसली ड्रॉइंगची वही आणली. आमच्या गॅलरीतून डोंगर दिसतो, तो काढायला बसले. पाणी लावताच कागद पापडासारखा वर आला. डोंगराचा रंग वाहत आभाळात गेला. दुसरा हात दिला तर कागदाचा भुगा ब्रशला चिकटायला लागला. गुरुवारी ताईंनी ते पाहायला मागितलं तेव्हा मला रडूच फुटलं. परवाच यांच्या पाठीला जखम झाली होती, आणि कूस वेळेवर बदलत नाही म्हणून डॉक्टर मला बोलले होते. म्हटलं, "माझ्या हातून काहीच धड होत नाही, ताई." त्यांनी वहीचं पान दोन बोटांत धरून चोळलं. म्हणाल्या, "अगं, चूक तुझी नाहीच. चूक कागदाची आहे. हा पाणी धरतच नाही, त्याला तू काय करणार?" बोलत होत्या त्या कागदाबद्दल. पण चूक तुझी नाही, हे मला इतक्या वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं... मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

मग अश्विनीला यांच्यापाशी बसवून त्या मला घाटकोपर स्टेशनजवळच्या एका दुकानात घेऊन गेल्या. सगळ्यात आधी कागद. कापसाचा, जाड, हातात घेतला की पुठ्ठ्यासारखा लागणारा. "ब्रश जरा साधा चालेल, रंग कमी चालतील. कागदात तडजोड करायची नाही." रंगांच्या मोजक्याच ट्यूबा घेतल्या... एक पिवळा, एक लाल, दोन निळे, एक मातकट. मी हिरव्याला हात घातला तर चापट बसली. "हिरवा घरी बनवायचा. विकतचा हिरवा सगळी झाडं सारखीच करून टाकतो." पांढराही घेऊ दिला नाही, जिथे उजेड हवा तिथे कागद कोरा सोडायचा, म्हणाल्या. ब्रशांसाठी त्यांनी दुकानदाराकडे ग्लासभर पाणी मागितलं आणि एकेक गोल ब्रश बुडवून, झटकून पाहायला लागल्या. केस एकत्र येऊन टोक झालं पाहिजे, आणि वाकवून सोडलं की परत सरळ झालं पाहिजे. दुकानदार वैतागला. "मॅडम, सब एक ही माल है." ताई म्हणाल्या, "मग मी निवडलेला द्यायला तुझं काय जातंय?" इतक्या खटपटीनंतर एकच ब्रश घेतला. रंग कालवायला पॅलेट काही घेतलं नाही. "घरी पांढरी बशी आहे ना? झालं तर."

चित्रं काही झकास आली नाहीत. पण डोंगर डोंगराच्या जागी राहिला. ताई प्रत्येक चित्र यांच्यासमोर धरायच्या, "बघ रे, तुझ्या बायकोन काय केल्यान!" आणि हे अर्ध्या ओठाने हसायचे. माझा थकवा गेला, असं खोटं कशाला लिहू? पाठ दुखायची तशीच दुखते. पण आठवड्यातली एक दुपार अशी होती, जिच्यात कुणी मला हाक मारत नव्हतं. आणि ती मला देण्यासाठी सत्तरी ओलांडलेली बाई घाटकोपरहून येऊन, लिफ्ट बंद असली तरी, धापा टाकत चार मजले चढायची.

ताई गेल्या त्याच्या पुढच्या गुरुवारी हे सकाळपासून दाराकडे पाहत होते. तेव्हा मी सांगितलं. "अहो, ताई आता यायच्या नाहीत." त्यांनी डोळे मिटले. पाणी कानापर्यंत ओघळलं, ते मी पुसलं.

आता गुरुवारी आजाऱ्यांची कामं करणाऱ्या बायकांच्या ब्युरोतून एक मावशी येतात. पहिल्या दिवशी त्या पलंगाजवळच्या वेताच्या खुर्चीत बसायला गेल्या, तसे हे घशातून असं काही ओरडले की त्या बिचाऱ्या दचकून उठल्या. ताई त्याच खुर्चीत बसायच्या. मी मावशींना प्लास्टिकची खुर्ची दिली. त्या दुपारी मी खाली गेलेच नाही. यांच्या पायाशी बसून ती रिकामी वेताची खुर्ची काढली. एक हात वाकडा झाला, पाठ जरा जास्तच उंच झाली. चित्र ओलं असतानाच यांच्यासमोर धरलं. हे बराच वेळ पाहत राहिले. मग डावा हात उचलून त्यांनी खऱ्या खुर्चीकडे बोट केलं, आणि तेच बोट आपल्या छातीकडे वळवलं.

मी उठले आणि खुर्ची पलंगाला चिकटेल इतकी जवळ सरकवली. ती आता तिथेच असते. औषध द्यायला जाताना मला वळसा घ्यावा लागतो. यांचा डावा हात दिवसभर तिच्या हातावर असतो.