गोठ्याच्या दाराचं कुलूप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आई तर आता राहिली पण नाही. तुम्ही म्हणाल, देवाला तरी सांगितलं असेल. तेही नाही. देवासमोर तर मी सगळ्यात जास्त गप्प बसले. ते पुढं येईलच. आज तुम्ही समोर बसलाय, तर बोलते. मधे थांबले तर थांबू द्या मला.

आधी थोडं माझंच कौतुक ऐकून घ्या. हसू नका — त्या कौतुकापायीच सगळं झालं.

आमचं गाव गुंजवणे, राजगडाच्या पायथ्याला. शनिवार-रविवारी पुण्याची पोरंपोरी गड चढायला येतात, उतरली की भुकेनं कावलेली असतात. त्यांना पिठलं-भाकरी आणि कांदाभजी घालायची, हा माझा धंदा. आता भजी म्हटली की कढई आली, आणि कढई म्हटली की काळं पडलेलं तेल आलं. ते टाकायचं कुठं? सगळ्या टपऱ्यावाल्या ओढ्यात ओतायच्या. मीही ओतलंय, खोटं कशाला बोलू? मग एकदा मोबाईलवर बघितलं, या तेलाचं डिझेल करता येतं. घरी. मी दहावी नापास, पण हट्टाला पेटले की कुणाचं ऐकायची नाही.

मागं आमचा जुना गोठा रिकामा पडला होता. दगडी भिंती, पत्र्याचं दार. तिथं सुरू केलं. तेल फडक्यातून गाळायचं, तापवून त्यातलं पाणी उडवायचं. मग मिथेनॉल — आम्ही त्याला नुसतं स्पिरिट म्हणायचो — त्यात कॉस्टिक सोडा विरघळवून ते तेलात घालायचं, ढवळायचं आणि झाकून ठेवायचं. पहिल्या वेळी सगळ्याचा साबण झाला. दुसऱ्या वेळीही. आमचे हे म्हणाले, "गावाला अंघोळ घाल आता." तिसऱ्या वेळी झाकण काढलं तर वर मधासारखं पिवळं डिझेल, खाली काळा चिकट गाळ. ते डिझेल भाताला पाणी देणाऱ्या इंजिनात घातलं, दांडा फिरवला आणि इंजिन चालू झालं की हो! धुराला भज्यांचा वास. लोक म्हणायचे, "वहिनी, इंजिनाला तोंडी लावायला मिरची पण देता का?" पार वेल्ह्यापर्यंत माझं नाव झालं, डिझेलवाली वहिनी. लई आवडायचं मला ते नाव. कुणी हाक मारली की उगाच दुसऱ्यांदा हाक येईपर्यंत थांबायची मी.

आता दत्ताभावजींचं सांगते.

दत्ताभावजी माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा शाळेत जायचे, डबा मीच भरून द्यायची. लहान असले तरी दीर, म्हणून अहो-जाहो. पण माया लेकाची. पुढं ते दारूच्या नादी लागले. वाईट लागले. एसटीच्या थांब्यावरून उचलून आणायला लागायचं. त्यांची बायको शालन, माझी जाऊ, तिनं काय काय सोसलं ते मी याच डोळ्यांनी बघितलंय. मग एक दिवस पोरीच्या, ईश्वरीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी सोडली. शालन तेव्हाच म्हणाली होती, "परत एक थेंब जरी घेतला तर पोरीला घेऊन भाटघरला माहेरी जाईन. मागं वळून बघायची न्हाई." त्यानंतर भावजी खोकल्याचं औषधसुद्धा घ्यायचे नाहीत. त्यात दारू असती म्हणायचे. लग्नाकार्यात कुणी सरबत दिलं तर आधी वास घ्यायचे, मग प्यायचे. आम्ही हसायचो त्यांना.

रिकामे बसून मन भरकटायला नको म्हणून ते माझ्या हाताखाली गोठ्यात यायला लागले. आणि कामाला वाघ होते! टपऱ्या-टपऱ्यांतून तेल आणायचे, गाळायचे, ढवळायचे. त्यांच्यामुळंच माझं डिझेल वाढलं. हे मी कुणाला सांगितलं का कधी? नाही. नाव माझंच झालं.

स्पिरिट महाग पडायचं, आणि त्यातलं बरंच त्या काळ्या गाळात अडकून राहायचं. गाळ तापवला की स्पिरिटची वाफ होते, ती वाफ गार केली की स्पिरिट परत हाताला लागतं. कसं करायचं ते मला सुधरेना. भावजी म्हणाले, "वहिनी, हे तर मला येतंय. हातभट्टी अशीच असती." पिंप आणलं, तांब्याची नळी आणली, ती गार पाण्याच्या बादलीतून काढली आणि सांधे कणकेनं लिंपले. थेंब थेंब स्पिरिट पडायला लागलं. दोघं किती हसलो त्या दिवशी! ज्या विद्येनं घर बुडवलं होतं ती कामाला आली म्हणाले.

पण दिसायला ती भट्टीच होती. हुबेहूब. आणि मला भ्या वाटलं. कुणी बघितलं तर? डिझेलवाली वहिनी हातभट्टी घालती म्हणून गावभर होईल, आणि दीर जुना पिणारा. म्हणून मी सांगितलं, "भावजी, हे दार लावून करायचं. बाहेर कुठं बोलायचं न्हाई, घरातसुद्धा न्हाई." त्यांनी मान डोलावली.

मोबाईलवरच्या माणसानं सांगितलं होतं की हे मोकळ्या हवेत करा. वाफ अंगात गेली तर डोळ्यांना घातक. मी ऐकलं होतं ते. भावजींनी नव्हतं ऐकलं, मोबाईल माझा होता. मी त्यांना सांगितलं का? — नाही. म्हटलं, आपण कुठं रोज करतोय.

मग तो रविवार आला. बचत गटाच्या मॅडम माझं काम बघायला येणार होत्या, फोटो काढणार होत्या. त्या यायच्या आत गाळ उरकायचा आणि भट्टी लपवायची म्हणून भावजी सकाळपासून आत. बाहेर गडावरून उतरलेल्या पोरांची झुंबड, मी कढईला. मधेच चहा घेऊन गेले तर त्यांनी दार थोडं ढकललं. घामानं निथळत होते. म्हणाले, "वहिनी, वाफ लई कोंडलीया. डोकं गरगरतंय. दार उघडं ठेवू का वाईच?"

नको म्हणाले मी. "मॅडम येत्याल इतक्यात. लोकं काय म्हणतील? तेवढं उरका की."

आणि दार मी माझ्या हातानं ओढून घेतलं. पत्रा आहे, ओढला की कर्रकन वाजतो. एवढंच. शिवी दिली नाही, हात उगारला नाही. पुन्हा जाऊन भजी सोडली कढईत. मॅडम आल्या, फोटो काढले, मी हसले त्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी नळावर झोकांड्या खात होते. ओकले. शालननं त्यांच्या सदऱ्याचा वास घेतला आणि टाहोच फोडला. दुधानं तोंड पोळलेली बाई ती, तिचं काय चुकलं? ते आपले भिंत चाचपडत म्हणत होते, "शालन, समदं पांढरं दिसतंय गं. धुकं पडलंय का?" ऊन पडलं होतं चांगलं.

टेम्पोत घालून पुण्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय प्यालेत हे? लपवू नका, त्यावर औषध ठरतं. भावजी म्हणाले, काय न्हाई साहेब. डॉक्टरांनी आमच्याकडं बघितलं, शालननं माझ्याकडं. "जाऊबाई, काल दिवसभर तुमच्याकडं होते. खरं सांगा, प्याले का?"

मी म्हणाले, "मी तिथं नव्हते गं."

खोटं कुठं होतं ते? कढईपाशीच होते मी. पण त्या घडीला वाफेचं एक वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, आणि मी ते गिळलं. कशाला भ्याले? पोलिसांना? नावाला? त्या फोटोला? पुष्कळ वेळा विचारलंय मी स्वतःला. नावालाच. दुसरं काही नाही.

रक्त तपासल्यावर निघालं की हेच स्पिरिट अंगात आहे. मग काय, सगळ्यांचं ठरलंच. वहिनीच्या डबड्यातलं चोरून प्याला. डॉक्टर नंतर एवढंच म्हणाले, थोडं आधी कळलं असतं तर — आणि दुसऱ्या पेशंटकडं गेले. ते वाक्य मी अजून पुरं केलेलं नाही.

मी गावी आले. पिंप आणि नळी ठोकून चेपली आणि भंगारात घातली. आणि वेल्ह्याच्या बाजारातून एक मोठं पितळी कुलूप आणलं. गोठ्याला तोवर नुसती कडी होती. मी भर दिवसा, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या देखत ते कुलूप लावलं. एक शब्द बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती — कुलूपच सांगत होतं की या घरात चोर आहे, दारुड्या आहे. लोक म्हणाले, वहिनीनं शहाणपणा केला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना? फास मीच आणला होता, बाजारातून.

भावजी घरी आले ते दृष्टी घालवून. उजेड-अंधार तेवढा कळतो. आल्या आल्या म्हणाले, मला भैरवनाथाकडं न्या. गावासमोर त्यांनी बेलभंडारा उचलला. आमच्याकडं बेलभंडारा हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाही. बोललं तर घरादाराचं वाटोळं होतं म्हणतात. "म्या थेंब प्यालो न्हाई," एवढंच म्हणाले. भट्टीचं नाव काढलं नाही. का, सांगू? मी सांगितलं होतं ना, बाहेर बोलायचं नाही म्हणून. आणि वाफेनं डोळे जातात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मला होतं. त्यांचं कोपर धरून मीच उभी होते शेजारी. देव समोर, भावजी शेजारी, शालन पायरीवर, पोरगी तिच्या पदराशी. तोंड उघडायला यापेक्षा चांगली जागा कुठली होती?

शालन त्याच आठवड्यात पोरीला घेऊन भाटघरला गेली. माझ्या पाया पडून गेली. म्हणाली, "जाऊबाई, तुमी हायेत म्हणून ह्यांना टाकून जाती." ईश्वरी एसटीच्या खिडकीतून बाबा, बाबा करत होती. भावजी भलत्याच बाजूला हात हलवत होते. पुढच्या साली त्यांची म्हैस दगावली, तर लोक म्हणाले, बघा, खोटा बेलभंडारा फळाला आला.

डिझेल मी बंद केलं. आता इतकी वर्षं झाली, भावजी माझ्या टपरीमागं बसून कांदे सोलून देतात. चाचपून चाचपून, पण एक साल ठेवत नाहीत. गिऱ्हाईकं मला म्हणतात, धन्य तुमची, असा दीर कोण सांभाळतं? मी भजी वाढते.

गेल्या साली ते भिंतीच्या आधारानं हिंडता हिंडता गोठ्यापाशी गेले. दाराला हात लावला, हाताला कुलूप लागलं. बराच वेळ चाचपलं त्यांनी ते. "वहिनी, हे कवा लावलं?"

मी म्हणाले, तेव्हाच.

त्यांनी कुलपावरनं हात काढला. मग म्हणाले, "बरं केलं. म्या प्यालोच असंन वहिनी. डॉक्टर, शालन, समदा गाव खोटं कशाला बोलंल? मला आठवत न्हाई, पर दारुड्याला कवा आठवतंय?"

डोळे घेतले, बायको घेतली, लेक घेतली. त्या माणसाकडं एकच गोष्ट उरली होती — आपण प्यालो नाही एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. तेही मी घेतलं. तेव्हाही बोलता आलं असतं. मी म्हणाले, "ऊन लागतंय, सावलीत बसा."

परवा भाटघरहून निरोप आला. ईश्वरीचं लग्न ठरलंय. पोराकडच्यांना वडिलांचं कळलंय, तर वडिलांनी लग्नाला न आलेलं बरं. भावजी म्हणाले, "बराबर हाय त्यांचं." आणि पुढ्यातला कांदा सोलत राहिले.

दर अमावास्येला त्यांना भैरवनाथाला जायचं असतं. नेते मीच, दुसरं कोण आहे? पायरीवर डोकं टेकतात आणि मोठ्यानं म्हणतात, लहान पोरासारखं, "देवा, म्या खोटा बेलभंडारा उचलला. माझ्या पोरीला त्याचं काय लागू दिऊ नगंस." मी शेजारी उभी असते. त्या कुलपाची किल्ली कनवटीला असते माझ्या, अजून.

मग ते उठतात आणि माझा हात शोधत हात पुढं करतात. म्हणतात, "चला वहिनी, तुमची भजी खोळंबली असत्याल."

मी हात देते.